रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी, इ.स. १८८२ – १४ ऑक्टोबर, इ.स. १९५३) हे मराठी लेखक, संपादक, गणिताचे प्राध्यापक आणि भारतातील संततिनियमनाच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक होते. लैंगिक आरोग्य, गुप्तरोगांचा प्रतिबंध आणि स्त्रीपुरुषसंबंध या विषयांवर मराठीत उघडपणे व शास्त्रीय दृष्टीने लिहिणारे ते पहिले महत्त्वाचे लेखक मानले जातात. इ.स. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. इ.स. १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, न्यायालयात दंड भरावा लागला आणि आयुष्यभर आर्थिक ओढगस्त सोसावी लागली. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील होत.

बालपण आणि शिक्षण

रघुनाथरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड या गावी झाला. धोंडो केशव कर्वे आणि राधाबाई यांचे ते ज्येष्ठ पुत्र होते. इ.स. १८९१ मध्ये राधाबाईंचा बाळंतपणात मृत्यू झाला, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. बाळंतपणात स्त्रिया दगावणे ही त्या काळी घरोघरची गोष्ट होती आणि तिला दैवाचा भाग समजून सोडून देण्याची रीत होती. पुढे वारंवारच्या गर्भारपणाने खचणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न रघुनाथरावांच्या कार्याच्या केंद्रस्थानी आला.

इ.स. १८९३ मध्ये धोंडोपंतांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे, या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. या विवाहामुळे मुरूडकरांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला. रूढीविरुद्ध वागणाऱ्या माणसाला समाज कसा वागवतो, याचा अनुभव रघुनाथरावांना अशा रीतीने बालवयातच घरात मिळाला. शंकर, दिनकर आणि भास्कर हे त्यांचे सावत्र भाऊ. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे या दिनकररावांच्या पत्नी होत.

रघुनाथरावांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. इ.स. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून इ.स. १९०४ मध्ये ते बी.ए. झाले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय होता. गृहीतक तपासल्याशिवाय निष्कर्ष न मानण्याची गणितातील शिस्त त्यांच्या सामाजिक लेखनातही दिसून येते.

अध्यापन व पॅरिसमधील वास्तव्य

शिक्षणानंतर रघुनाथरावांनी गणिताच्या अध्यापनाचा पेशा पत्करला. इ.स. १९१९ मध्ये गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले आणि तेथील पदविका मिळवून परतले. फ्रेंच भाषा त्यांना चांगली अवगत होती. युरोपात त्या वेळी संततिनियमन, लैंगिक मानसशास्त्र आणि गुप्तरोगप्रतिबंध यांवर मोठी चर्चा चालू होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात गुप्तरोगांनी सर्वच सैन्यांना ग्रासले होते, त्यामुळे एरवी कुजबुजीत बोलला जाणारा हा विषय सरकारी अहवालांत आणि वैद्यकीय परिषदांत आला होता. परतल्यावर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले.

संततिनियमन केंद्र

इ.स. १९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला व साधने देणारे केंद्र उघडले. त्याच वर्षी मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र सुरू केले होते. त्याआधी इ.स. १९१६ मध्ये मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असे केंद्र काढले, तेव्हा पोलिसांनी ते थोड्याच दिवसांत बंद पाडले होते. यावरून जगभर या कामाला असलेल्या विरोधाची कल्पना येते. रघुनाथरावांच्या मागे कोणतीही संस्था नव्हती. साधने पुरविण्यासाठी त्यांनी 'राईट एजन्सी' या नावाने व्यवहार चालविला.

त्या काळच्या साधनांत रबरी पिशवी, म्हणजे ज्याला पुढे 'निरोध' या सरकारी नावाने सर्वजण ओळखू लागले ते साधन, स्त्रियांनी वापरावयाची रबरी टोपी आणि शुक्रजंतुनाशक औषधे यांचा समावेश होता. यांतील बहुतेक साधने परदेशातून येत आणि सामान्य कुटुंबाला ती महाग पडत. इ.स. १९२३ मध्ये 'संततिनियमन : आचार आणि विचार' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गर्भधारणा कशी होते, ती कशी टाळावी आणि ती टाळणे पाप का नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मराठी वाचकाला त्यात मिळाली.

नोकरीचा शेवट

विल्सन महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेले होते. आपल्या प्राध्यापकाने संततिनियमनाचा जाहीर प्रचार करावा, हे चालकांना रुचले नाही. प्रचार थांबवावा किंवा नोकरी सोडावी, असा पेच उभा राहिला तेव्हा रघुनाथरावांनी इ.स. १९२५ मध्ये नोकरी सोडली. त्यानंतर त्यांना मनासारखी स्थिर नोकरी मिळाली नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हाती असलेली प्रतिष्ठेची प्राध्यापकी त्यांनी सोडली ती याच कार्यासाठी. या निर्णयाचा भार पुढे जन्मभर त्यांच्या संसारावर राहिला.

मालतीबाई कर्वे

रघुनाथरावांच्या पत्नी मालतीबाई यांचा त्यांच्या कार्याला पूर्ण पाठिंबा होता. स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी विचारपूर्वक घेतला. अपत्यहीन स्त्रीला समाजात ज्या नजरेने पाहिले जाई, ती पाहता या निर्णयाची किंमत मालतीबाईंना अधिक मोजावी लागली. नोकरी गेल्यावरची ओढाताण, नातेवाइकांची नाराजी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुचेष्टा त्यांनी पतीबरोबर सोसली. रघुनाथरावांच्या कार्याचा इतिहास सांगताना मालतीबाईंचा वाटा स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.

गुप्तरोगविषयक लेखन

संततिनियमनाइतकेच महत्त्व रघुनाथरावांनी गुप्तरोगांच्या प्रतिबंधाला दिले. 'गुप्तरोगांपासून बचाव' हे त्यांचे पुस्तक याच विषयावर आहे. शरीरसंबंधातून पसरणारे रोग हे जंतूंमुळे होतात, त्यांचा पापपुण्याशी संबंध नाही आणि योग्य माहिती असल्यास ते टाळता येतात, ही त्यांच्या या लेखनामागील भूमिका होती.

या भूमिकेचे मोल समजण्यासाठी त्या काळची वैद्यकीय स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. परम्याचा जंतू आल्बर्ट नायसर यांनी इ.स. १८७९ मध्ये आणि उपदंशाचा, म्हणजे गरमीचा, जंतू शाउडिन व हॉफमन यांनी इ.स. १९०५ मध्ये शोधला होता. इ.स. १९१० मध्ये पॉल एर्लिक यांचे साल्वरसान हे सोमलयुक्त औषध उपलब्ध झाले. मात्र हे उपचार लांबलचक, खर्चिक आणि त्रासदायक होते. पेनिसिलिनचा उपयोग उपदंशावर प्रथम इ.स. १९४३ मध्ये झाला आणि सामान्य रुग्णापर्यंत ते दुसऱ्या महायुद्धानंतरच पोहोचू लागले. म्हणजे रघुनाथरावांच्या कार्यकाळातील बहुतेक वर्षे खात्रीचा व सोपा इलाज हाती नव्हता. अशा वेळी रोग होऊच न देणे हाच शहाणपणाचा मार्ग होता आणि त्यासाठी उघड बोलणे भाग होते.

या रोगांचा सर्वाधिक जाच गृहिणींना होई. पतीकडून परमा आलेल्या स्त्रीला पुष्कळदा आरंभी काहीच जाणवत नसे. पुढे गर्भनलिका बंद होऊन तिला मूल होत नसे आणि वांझपणाचा दोष तिच्याच माथी येई. प्रसूतीच्या वेळी जंतू डोळ्यांत गेल्याने नवजात बालकाला अंधत्व येण्याचाही धोका असे. रोग नवऱ्याने आणावा आणि दोष बायकोने घ्यावा, असा हा प्रकार होता. स्त्रीला स्वतःच्या शरीराची माहिती असलीच पाहिजे, या रघुनाथरावांच्या आग्रहामागे ही वस्तुस्थिती होती.

योनिमार्गाचा बुरशीसंसर्ग

अज्ञानामुळे सर्वच तक्रारी एका मापाने मोजल्या जात. अंगावरून पांढरे जाणे ही तक्रार घरातील वडीलधाऱ्या बायकांपलीकडे सहसा जात नसे आणि वैद्यापर्यंत गेलीच, तर तिच्यामागे बदफैलीपणाचा संशय उभा राही. आजच्या वैद्यकाने या तक्रारीमागची निरनिराळी कारणे वेगळी केली आहेत. थोडे स्वच्छ, पातळ पांढरे जाणे हे प्रकृतीला धरूनच असते. खाज, जळजळ आणि दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव असेल, तर कारण बहुधा कँडिडा नावाची बुरशी असते.

ही बुरशी पुष्कळ निरोगी स्त्रियांच्या शरीरात अल्प प्रमाणात असतेच. योनिमार्गातील उपकारक जिवाणू तेथील आम्लता राखतात आणि बुरशीला आवर घालतात. प्रतिजैविक औषधांनी हे जिवाणू नष्ट झाले, गर्भारपणामुळे संप्रेरकांचे प्रमाण वाढले, मधुमेह आटोक्यात नसला, स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ चालू असली किंवा प्रतिकारशक्ती खालावली, तर बुरशी फोफावते. घट्ट व ओलसर कपड्यांमुळेही तिला पोषक वातावरण मिळते. सुमारे चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्याची गणना लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांत होत नाही. अविवाहित मुलीलाही तो होऊ शकतो, त्यामुळे त्यावरून कोणाच्याही चारित्र्याविषयी अनुमान काढता येत नाही. मात्र स्रावाला दुर्गंध असेल, रंग पिवळा किंवा हिरवट असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा त्रास वारंवार होत असेल, तर कारण दुसरे असू शकते आणि वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

सुरक्षित संबंधांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. निरोधाचा नियमित व योग्य वापर परमा, उपदंश, एचआयव्ही इत्यादींपासून मोठे संरक्षण देतो. परंतु बुरशीसंसर्गावर योनिमार्गात लावावयाची काही मलमे तेलयुक्त असतात आणि त्यांच्यामुळे निरोधाचे रबर कमकुवत होते. म्हणून उपचार चालू असताना केवळ निरोधावर विसंबून राहणे योग्य नसते. योनिमार्ग औषधी पाण्याने आतून धुणेही आज अपायकारक मानले जाते, कारण त्यामुळे उपकारक जिवाणूच धुऊन जातात. रघुनाथरावांच्या काळातील संततिनियमनाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत असे धुणे सर्रास सुचविलेले आढळते. त्या पिढीचे सर्वच सल्ले आज टिकत नाहीत. नवे पुरावे मिळताच जुना सल्ला बदलावा, ही शास्त्रीय वृत्ती मात्र टिकून आहे.

'समाजस्वास्थ्य' मासिक

१५ जुलै, इ.स. १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग, आहार, विवाहसंस्था, वेश्याव्यवसाय, धर्म आणि बुद्धिवाद असे विषय त्यात येत. वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे सदर हे या मासिकाचे वैशिष्ट्य होते. वैद्याला, शिक्षकाला किंवा आईवडिलांना जे विचारण्याची सोय नव्हती, ते वाचक पत्राने विचारीत आणि संपादक त्याचे थेट उत्तर देई. 'शारदेची पत्रे' या सदरातील लेखनही गाजले.

मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. मानवी देहात लाज वाटण्यासारखे काही नाही, या संपादकाच्या मताचे ते निदर्शक होते. पण त्यामुळे अंक उघड्यावर ठेवणे अनेकांना अवघड वाटे आणि विरोधकांच्या हाती आयते साधन मिळे. मासिकाचा खप मर्यादित राहिला आणि ते नेहमीच तोट्याच्या काठावर चालले. संपादनापासून वितरणापर्यंतची बहुतेक कामे रघुनाथराव स्वतः करीत. मामा वरेरकर यांच्यासारख्या लेखकांनी त्यांना साथ दिली. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी मासिकात लेखन केले आणि संततिनियमनाचे कार्य पुण्यात पुढे नेले.

न्यायालयीन खटले

मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यांतील दोन विशेष गाजले. पहिला खटला इ.स. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखामुळे झाला. त्यात रघुनाथरावांना १०० रुपये दंड झाला.

इ.स. १९३४ मध्ये वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांना पुन्हा अटक झाली. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरील ही उत्तरे होती. या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते लेखन अश्लील ठरत नाही, वाचकांना खरोखर पडलेल्या शंकांना शास्त्रीय उत्तर देणे हेच या मासिकाचे काम आहे आणि विकृती असेलच तर ती ज्ञानानेच दूर होईल, अशा आशयाचा युक्तिवाद बाबासाहेबांनी केला. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि रघुनाथरावांना २०० रुपये दंड झाला. खटला हरला असला, तरी लैंगिक ज्ञानाचा अधिकार हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, ही मांडणी भारतातील न्यायालयात इतक्या लवकर झाली, यामुळे त्याचे महत्त्व आजही मानले जाते. दोन्ही खटल्यांनंतर मासिक पूर्वीप्रमाणेच चालू राहिले.

विचार

रघुनाथराव निरीश्वरवादी व बुद्धिवादी होते. स्त्रीला पुरुषाइतकाच कामसुखाचा अधिकार आहे, हे मत त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही, हे ठरविण्याचा हक्क स्त्रीचा आहे, असे ते मानीत. महात्मा गांधी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना विरोध करीत आणि ब्रह्मचर्याचा पुरस्कार करीत. सामान्य माणसाला हा मार्ग अव्यवहार्य आहे, अशी टीका रघुनाथरावांनी सातत्याने केली.

वडील आणि मुलगा यांच्या कार्याची तुलना अनेकदा केली जाते. महर्षी कर्वे यांनी विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण या क्षेत्रांत संस्था उभारल्या आणि हळूहळू समाजाची मान्यता मिळविली. रघुनाथरावांनी तडजोड टाळली व ते एकाकी राहिले. त्यांची भाषा परखड, काही वेळा बोचरी असे. तिच्यामुळे सहानुभूती असलेले लोकही दुरावले, असे मत त्यांच्या काही अभ्यासकांनी नोंदविले आहे.

अखेरचा काळ

वाढत्या वयात मासिकाचा भार आणि पैशाची चणचण या दोन्हींना रघुनाथरावांनी तोंड दिले. मालतीबाई त्यांच्या आधी निवर्तल्या. इ.स. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या विषयाच्या प्रचारासाठी एका प्राध्यापकाची नोकरी गेली होती, तो विषय तीन दशकांच्या आत शासनाचे धोरण बनला. त्यानंतर थोड्याच काळात, १४ ऑक्टोबर, इ.स. १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. त्यांच्याबरोबर 'समाजस्वास्थ्य'ही थांबले. महर्षी कर्वे त्या वेळी हयात होते. त्यांना पुढे इ.स. १९५८ मध्ये भारतरत्न हा सन्मान मिळाला. मुलाच्या वाट्याला मात्र हयातीत कोणताही मोठा सन्मान आला नाही.

ग्रंथसंपदा

संततिनियमन : आचार आणि विचार (१९२३)
गुप्तरोगांपासून बचाव
आधुनिक कामशास्त्र (१९३४)
आधुनिक आहारशास्त्र (१९३८)
वेश्याव्यवसाय (१९४०)

वारसा

य. दि. फडके यांनी रघुनाथरावांचे चरित्र लिहिले. अनंत देशमुख यांनी त्यांचे विखुरलेले साहित्य संपादित करून वाचकांना पुन्हा उपलब्ध करून दिले. अमोल पालेकर दिग्दर्शित 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारित आहे. त्यात किशोर कदम यांनी रघुनाथरावांची आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली आहे. अजित दळवी लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित 'समाजस्वास्थ्य' हे नाटक त्यांच्यावरील खटल्यांवर आधारलेले आहे.

निरोध, प्रतिजैविके आणि तपासणीच्या सोयी आज गावोगावी पोहोचल्या आहेत. तरीही अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार महिनोन्‌महिने लपविणाऱ्या स्त्रिया आणि निरोध मागताना दुकानात संकोचणारे तरुण आजही आढळतात. औषधाइतकीच माहितीची आणि माहितीइतकीच मोकळेपणाची गरज आहे, हे रघुनाथरावांच्या लेखनाचे सूत्र त्यामुळे आजही लागू पडते.